नानाचा होकार

नाना, तुझ्या दहाव्याला मी कावळा हाकलला.

मुद्दाम नाही रे. पिंड मांडून झाले होते, मंडळी मागे सरून उभी होती, आणि समोरच्या बाभळीवरून एक कावळा, घरचं बोलावणं असल्यासारखा, सरळ खाली उतरला. आता आमच्या अंगणात उन्हाळाभर कुरड्या वाळत पडलेल्या असतात आणि त्यांच्या राखणीला कोण बसलेलं असतं हे तुला ठाऊक आहे. तुझ्या बहिणीने, गोदीने, मला ज्या कामांच्या लायकीचं ठरवलं आहे, त्यातलं ते वरच्या दर्जाचं. कावळा दिसला की माझा हात मला विचारत नाही. उपरणं फडकलं, तोंडातून 'हाड' निघालं, आणि कावळा गेला तो थेट नाल्यापलीकडे.

मग आश्विनातलं ते ऊन आणि आम्ही. अप्पाशास्त्र्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आता मीच पुढे होऊन पिंडाला शिवावं आणि विषय मिटवावा असं मला वाटलं. "नारायणाची कायतरी इच्छा राह्यली असन," ते म्हणाले, "बोला कोणी." कोणी म्हणालं, घराकडे पाहू. कोणी म्हणालं, देवाचा दिवा विझू देणार नाही. वर्षभर ज्यांनी तुझ्या दारावरून जाताना मान वळवली, ते तुझ्या दिव्याची हमी घेत होते. कावळा काही आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा केला. दर्भाचा कावळा मोठा समजूतदार असतो. शिव म्हटलं की शिवतो.

तुझी काय इच्छा राहिली ते मला माहीत नाही. माझं मात्र तुझ्याशी भांडण राहिलं आहे, आणि तेराव्याचं जेवण पचलं तरी ते पचलेलं नाही. सगळ्या अमरावतीला तू नाही म्हणत राहिलास. मला नाही म्हणालास. तुझ्या सख्ख्या बहिणीचं तोंड दिसेना झालं तरी नाही म्हणालास. आणि शेवटच्या घटकेला पंचगव्याच्या चार थेंबांना हो म्हणालास. काहून, नाना?

तुला माहीत असलेलंच तुला पुन्हा सांगणार आहे. ती माझी जुनी खोड. घरातली पोरं म्हणतात, बाबांची गोष्ट सुरू झाली की आमटी थंड होते. पण उद्या हा कागद त्यांच्याच हाती पडायचा आहे, आणि मामाला वाळीत का टाकलं होतं हे त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

आपण दोघं एकाच पंतोजींच्या छडीखाली वाढलो. तू अक्षरासाठी शाबासकी घ्यायचास, मी तुझ्या शेजारी बसल्याबद्दल. पुढे तू तुझी बहीण मला दिलीस, आणि त्या एका कामाबद्दल गोदी तुला आणि मला आळीपाळीने बोल लावत आली. तुझी बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. वडिलांची भिक्षुकी तू सांभाळत होतास, तोच तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे आपल्या काळ्या मातीतल्या बोंडाला असे दिवस आले की विचारू नये. ज्याच्या त्याच्या बैलाच्या शिंगांच्या टोकाला चांदीची शेंबी. दूरदूरच्या देशांचे अडते अमरावतीच्या बाजारात येऊन बसले, आणि त्यांतल्या एकाला वऱ्हाडी बोलणं समजून सांगणारा, दोन अक्षरं नीट लिहिणारा मुनशी हवा होता. तो यान्नी साहेब. ग्रीस देशातल्या कुठल्याशा बेटावरचा. इंग्रजांपेक्षा काळा, आपल्यापेक्षा गोरा आणि दोघांपेक्षा मोठ्याने बोलणारा.

तू नोकरी धरलीस तेव्हा कोणी नाक मुरडलं नाही हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. अप्पाशास्त्र्यांच्या मळ्यातला कापूस त्याच साहेबाच्या काट्यावर जात होता. शास्त्रीबोवा साहेबाच्या खुर्चीवर बसून त्याचं घड्याळ कानाला लावून ऐकत, आणि घरी येऊन अंगावर पाणी घेत. पाणी घेतलं की झालं. तुझं मात्र पाण्याने भागलं नाही.

तुमची मैत्री जमली ती बकऱ्यावरून. तेल्हाऱ्याकडच्या एका गावची हकिगत तू साहेबाला सांगत होतास. कापसाची पहिली गाडी निघण्याआधी तिथले लोक मरीमायला बकरा देतात. त्याला हळदकुंकू लावायचं, गळ्यात माळ घालायची, मग डोक्यावर पाणी शिंपडून सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. बकऱ्याने मान हलवून अंग झाडलं की मायने त्याला घेतला. नाही झाडलं तर पुन्हा पाणी, पुन्हा वाट. हे ऐकून साहेब म्हणे खुर्चीवरून उठलाच. त्याच्या देशात, ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधी, देवापुढे बैल असाच आणत. शिंगांना सोन्याचा वर्ख, गळ्यात फुलं, डोक्यावर पाणी. बैलाने मान लववली की त्याचा होकार मिळाला. होकाराशिवाय सुरी लावायची नाही असा त्यांचा नेम. आणि सुरी ठेवायची कुठे, तर टोपलीत, जवाच्या दाण्यांखाली झाकून. बैलाला दिसू नये म्हणून.

हे तू मला आमच्या अकोल्याच्या ओसरीवर सांगितलंस. सांगताना तुझे डोळे असे झाले होते की जणू तुला हरवलेली गाय सापडली. "बापू, पाह्य कसं आहे ते," तू म्हणालास. "विचारतेतही, अन् सुरीही लपवतेत."

मी म्हणालो, "बैलाच्या जागी मी असतो तर पाणी पडल्याबरोबर शिंकलो असतो. अन् माही शिंकच होकारात धरली असती."

"तुही शिंक कोणत्याच देवानं घेतली नसती," तू म्हणालास, आणि आतून गोदीचं हसू ऐकू आलं.

त्यानंतर तू अकोल्याला आलास की दर खेपेला एक देव बरोबर आणायचास. ढगांचा एक राजा, हातात वीज घेतलेला, बायकोला फार भिणारा. त्याची गोष्ट मी पोरांना रंगवून सांगितली आणि ती बायको उगाच कशी संशय घेते इथवर आलो, तर चुलीपासून आवाज आला, "उगाच नाही. त्यानं काय केलं ते सांगा पहिले." एक वाटाड्या देव, ज्याच्या नावाने वाटेकडेला दगडांची रास असते आणि येणारा जाणारा तीत एकेक दगड टाकतो, मेलेल्याचं बोट धरून त्याला खाली नेणाराही तोच. देवांना हाडं आणि चरबी, अग्नीत जाळलेली. वर जायचा तो धूर, आणि मांस माणसांनी वाटून खायचं. तू म्हणालास, हे काही नवल नाही, आपणही नैवेद्य दाखवतो आणि आपणच जेवतो, उलट आपण बिचाऱ्या देवाला धूरसुद्धा देत नाही. पाताळातल्या देवांचं मात्र निराळं. त्यांना काळा मेंढा द्यायचा आणि सगळाच्या सगळा जाळायचा. त्यातला घासही कोणी तोंडात घालायचा नाही. मेलेल्यांच्या नावाचं मध, दूध आणि पाणी जमिनीत ओतायचं, आणि मागे न पाहता घरी यायचं.

यातलं तुझं लाडकं दैवत कोणतं होतं ते मी विसरणार नाही. चुलीतली देवी, हेस्तिया. तिच्या गोष्टी नाहीत, तिची भांडणं नाहीत, ती कुठे जात नाही, कोणाला शाप देत नाही. घरात विस्तव आहे तिथे ती आहे. जेवणातला पहिला वाटा तिचा आणि शेवटचाही तिचा. "देवांच्या घरातली ही गोदी आहे," तू म्हणालास. गोदी म्हणाली, "म्हणजे तिलेही कोणी विचारत नाही."

आणि मग तू साहेबाला तो प्रश्न विचारलास. आता त्यांची पूजा कोण करतं?

कोणी नाही, साहेब म्हणाला. खांब उभे आहेत, त्यांत शेळ्या चरतात.

साहेबाने हे हसत सांगितलं असेल. तो स्वतः गळ्यात क्रूस घालणारा; त्याला त्या देवांचं दुपार घालवण्यापुरतं अगत्य. पण तू भिक्षुकाचा मुलगा. ज्याच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या कोणीतरी उठून देवाला आंघोळ घातली, त्याला एखादा देव उपाशी बसला आहे हे ऐकवणंच चूक. "देव मरतो काय रे?" तू मला विचारलंस. मी म्हणालो, मला माणसंच पुरेनाशी झाली आहेत. तुला माझं उत्तर आवडलं नाही. मलाही आता आवडत नाही.

तू केलंस ते एवढंच. जेवायला बसताना आपण पानाच्या उजवीकडे चित्राहुती घालतो, यमासाठी, चित्रगुप्तासाठी भाताची लहान लहान शितं. तू त्यांच्यापुढे, जरा बाजूला, चुलीच्या दिशेने आणखी एक घास ठेवू लागलास. न बोलता. वर पाण्याचा थेंब सोडून. माझ्या घरी तू तो ठेवलास तेव्हा गोदीने पाहिलं. पुढच्या वेळी तुझ्या पानात तेवढाच भात जास्त वाढला.

अप्पाशास्त्र्यांच्या नातवाच्या मुंजीत ते सापडलं. मी तुझ्या शेजारच्या पानावर होतो. पलीकडून शास्त्रीबोवा स्वतः तूप वाढत आले आणि तुझ्या पानाशी थांबले.

"नारायणा, हे काय जास्तीचं?"

तू म्हणू शकला असतास, चुकून पडलं. पंगतीत कोणाचं काय चुकत नाही. मी तर एकदा श्राद्धाच्या पानावर विडा चघळत बसलो होतो. पण तुला खोटं बोलता आलं असतं तर आज मी हे लिहीत बसलो नसतो.

"चुलीच्या देवीचं," तू म्हणालास.

"कोणती देवी?"

"साहेबाच्या देशातली. तिले आता कोणी देत नाही."

कोणीतरी हसलं. बरंचसं मीच हसलो असेन. वेळ अशी असली की मला दुसरं सुचत नाही. पण शास्त्रीबोवा तुपाचं भांडं घेऊन तसेच मागे फिरले आणि पंगतीतला भात कोरडा राहिला. बाटला नाहीस, दारू प्यायला नाहीस, साहेबाच्या हातचं खाल्लं नाहीस. भाताचा एक घास उपाशी देवीला ठेवलास. ज्यांनी त्याच साहेबाच्या जिवावर घराला माडी चढवली, त्यांनी त्या घासासाठी तुला वाळीत टाकलं.

मग विहीर बंद झाली. धोबी बंद झाला, न्हावी बंद झाला. दाढी वाढली तेव्हा साहेब तुला म्हणाला म्हणे, आता तू आमच्या मेघराजासारखा दिसतोस, हातात वीज तेवढी पाहिजे. तू हे मला पुढे हसत सांगितलंस. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, आणि मला दिसलं नाही म्हणजे तिथे खरोखरच नसणार.

आमच्याकडे निरोप आला, चुकलं म्हणून तो प्रायश्चित्त घेईपर्यंत नारायणाशी व्यवहार ठेवाल तर तुम्हीही त्याच्यासोबत. आमच्या लेकीची, विठीची, सोयरीक तेव्हा अर्धी जुळली होती. त्या भाऊबीजेला गोदीने पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजन लावलं आणि तबक घेऊन अंगणात गेली. भाऊ नसलेल्या बायका करतात तसं तिने चंद्राला ओवाळलं. भाऊ मूर्तिजापूरच्या पलीकडे, बैलगाडीच्या वाटेवर, जिवंत. मी पायरीवर उभा होतो. तिने तबक खाली ठेवलं आणि मला म्हणाली, "तुमी जा. त्याले सांगा, हो म्हण म्हणा. म्हणायले काय लागते?"

म्हणून मी आलो. तुझ्या ओट्यावर मी बाहेर आणि तू उंबऱ्याच्या आत, अशी आपली ती बैठक. निघता निघता मला चैत्र उजाडला होता; ऊन होतं आणि मी लांबून आलो होतो. तू मला पाणी विचारलं नाहीस. मला नाही म्हणावं लागू नये म्हणून विचारलं नाहीस, हे मला तेव्हाच कळलं. पण त्याबद्दल बोलायचं कसं हे अजून कळलेलं नाही.

मी म्हणालो, "क्षौर कर, पंचगव्य घे, शास्त्री इचारतीन चुकलं काय, तं मान हलव. मनात काय ठेवायचं ते ठेव. मनात कोण पाह्यते?"

"बकऱ्यालेही हेच सांगत असतीन," तू म्हणालास.

"तू बकरा नाही."

"मंग मले काहून पुसून राह्यले? बापू, मले कापायचं असन तं कापा. मी हटकत नाही. पण कापून वरून म्हणायचं की यानंच मान हलवली, हे नाही जमत मले. पाणी शिंपडा, दहादा शिंपडा. मान हलत नाही."

"गोदीसाठी हलव."

तू उंबऱ्यावरची धूळ हाताने पुसलीस. मग म्हणालास, "तिले म्हणा, मी तिच्या वाट्याचा घास रोज ठेवतो." तुझं ते उत्तर मी गोदीला सांगितलं. तिने ऐकलं, आणि पीठ मळत होती ते मळत राहिली.

भांडण तिथेच तुटलं. मी रागावून उठलो. तू ओट्याच्या कडेपर्यंत आलास, पुढे नाही. मला अजून पुष्कळ बोलायचं होतं. तुझं बरोबर आहे, हेही त्यातच होतं. पण तुझं बरोबर असलं तरी तुझ्यामुळे माझं घर अडलं आहे, हे आधी म्हणायचं होतं, आणि त्या दोहोंचा क्रम ठरेना म्हणून मी गाडीत जाऊन बसलो.

मग अमेरिकेतली लढाई संपली. दूर कुठे माणसं मरायची थांबली म्हणून आपल्याकडे सुतक आलं. कापूस गंजीत राहिला, अडते एकामागून एक मुंबईकडे निघाले. यान्नी साहेबही गेला. दाराशी आलेला परका माणूस देवाच्या पाठराखणीतला असतो, त्याला हाकललं तर ढगांचा राजा कोपतो, हे तुला ज्याने सांगितलं, तो तुला शिपायाकरवी सलाम सांगून गेला. तू त्याच्यावर रागावला नाहीस. तुझ्या वाटचं मी रागावतो. गोष्टी सांगायच्या आणि ऐकणाऱ्याने त्या खऱ्या धरल्या की गाडी जोडायची, हा कसला सांगणारा? मीही सांगणारा आहे, पण माझं कोणी खरं धरत नाही, एवढीच माझ्या हातची पुण्याई.

तुझ्या हिवतापाची बातमी गाडीवानाने आणली. मी म्हणणार होतो, आधी शास्त्रीबोवांना विचारू. गोदीने लुगड्याचा पदर खोचला आणि म्हणाली, "चला." ती तुझा उंबरा ओलांडून सरळ आत गेली आणि तुझं डोकं मांडीवर घेतलं. मी दारात उभा राहिलो. माझ्या डोक्यात विठीची सोयरीक होती. हे तुला कळलं असेल तर बरं. नसेल कळलं तर त्याहून बरं.

संध्याकाळी ते आले, अप्पाशास्त्री आणि मागे चारपाच जण. पंचपात्रीत पंचगव्य. शास्त्रीबोवांचा आवाज मऊ होता, आणि मला त्याच आवाजाचं भय वाटलं. "नारायणाले असं जाऊ द्यायचं नाही," ते म्हणाले. "तो आपला आहे. एकडाव हो म्हटलं की झालं. नाही तं उद्या कोण हात लावन?"

तुझं अंग थडथडत होतं. डोळे उघडे होते, पण कोणाकडे होते ते सांगता येत नाही. त्यांनी दर्भाने थेंब तुझ्या कपाळावर शिंपडले. "नारायणा, चुकलं म्हणतो ना?" सगळे गप्प उभे. पुन्हा थेंब. तुझी मान हलली. दारातून मला एवढंच दिसलं, की हलली. शास्त्रीबोवांनी गोदीकडे पाहिलं, कारण डोकं तिच्या मांडीवर होतं.

"हो म्हणते तो," गोदी म्हणाली.

मग सगळं भरभर झालं. पंचगव्य ओठांना लावलं, कोणीतरी गंगोदक आणलं, शेजारच्या बायका आत आल्या, विहिरीचं पाणी आलं. पहाटेच्या आत तू गेलास. तुला खांदा द्यायला माणसं इतकी झाली की माझी पाळी तिसऱ्या वळणावर आली. तेराव्याला पंगती उठल्या. तूप पातळ होतं आणि लोक समाधानी होते. "शेवटी सुमती झाली," अप्पाशास्त्री हात धुताना म्हणाले, आणि विठीच्या सासरकडच्यांनी तिथेच तिथी धरायची गोष्ट काढली. तुझ्या एका होकाराने सगळ्यांचं काम झालं. मी हात जोडून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, पाताळातल्या देवांचं बरं. त्यांच्या वाटचं कोणी खात नाही.

आता सांग, नाना. मी तुला ज्यासाठी विनवलं तेच तू केलंस, मग मला एवढं का लागावं? तू नाही म्हणत होतास तोवर मला तुझा त्रास होता, आणि बरंही वाटत होतं. आपल्यात निदान एक जण आहे ज्याची मान कोणाच्या पाण्याने हलत नाही, हे मी कोणाजवळ बोललो नाही, तुझ्याजवळ तर नाहीच, पण कचेरीत माझ्या इंग्रज साहेबासमोर मान हलवताना मला त्याचा आधार असायचा. तोही तू काढून घेतलास. मान तापाने हलली म्हणतोस? मग तसं कुठूनतरी कळव. भ्यालास? मग इतके दिवस का नाही भ्यालास? गोदीचा हात लागला म्हणून विरघळलास? मग मी ओट्यावर बसून तिचंच नाव घेतलं होतं ना रे. तू मला इतकं दिलंस, पोरांना सांगायला एक अख्खा देश दिलास, घरातल्या विस्तवाकडे पाहायची दृष्टी दिलीस. त्याचे उपकार मानायला बसावं, तर हा होकार आडवा येतो.

इथवर लिहून झालं आणि मी ते सगळं गोदीला वाचून दाखवलं. तिला अक्षर येत नाही, पण माझी गोष्ट कुठे घसरते ते तिला वाचणाऱ्यांपेक्षा आधी कळतं. ती तांदूळ निवडत होती. कावळ्याशी हसली नाही. पंचगव्याशी तिचा हात थांबला. शेवटचं वाचून होईपर्यंत सुपातला एक दाणाही तिने हलवला नाही.

मग म्हणाली, "तो नाही म्हणत होता. त्याचं डोस्कं माह्या मांडीवर होतं, मले नाही समजन तं कोणाले समजन? इकडून तिकडं, इकडून तिकडं, नाहीच म्हणे. हो मी म्हटलं. त्याले ढोरावाणी ओढून नेलेलं मले पाह्यचं नव्हतं. अन् तुमी इतकं त्याले पुसून राह्यले. मले तं एकडावही नाही पुसलं."